अ‍ॅराकिडॉनिक आम्ल आणि न्यूट्रोफिलमधील एंझाइमे
न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीने जंतू गिळला की ती एकाएकी कितीतरी पट ऑक्सिजन ओढू लागते. याला श्वसनस्फोट म्हणतात. नाव फसवे आहे, कारण हा ऑक्सिजन ऊर्जेसाठी नसतो. एनएडीपीएच ऑक्सिडेझ हे एंझाइम त्यापासून सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) बनवते आणि त्यातून पुढे जंतुनाशक द्रव्ये तयार होतात. पिवळसर एनबीटी रंगद्रव्य घातले तर या सुपरऑक्साइडमुळे चेतवलेली पेशी निळी-जांभळी पडते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीझच्या रुग्णात हे एंझाइम जन्मतः सदोष असल्याने ती तशीच फिकी राहते.

एरवी या एंझाइमाचे भाग विखुरलेले असतात. दोन पेशीपटलात, बाकीचे पेशीद्रवात. त्यांतले पी४७ हे प्रथिन तर स्वतःवरच घडी घालून बसलेले. पेशी चेतली की फॉस्फोलायपेझ ए२ हे एंझाइम पटलातून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल हे मेदाम्ल (२० कार्बन, ४ दुहेरी बंध) मोकळे करते. पी४७ची घडी मुख्यतः फॉस्फेट जोडले गेल्याने उलगडते, पण हे मेदाम्लही त्याला हातभार लावते.

१९८०च्या दशकात पेशी फोडून, पटल आणि द्रव परीक्षानळीत एकत्र करून हे पाहिले गेले. नुसत्या मिश्रणात काही घडत नाही. अ‍ॅराकिडॉनिक आम्ल टाकताच सुपरऑक्साइड तयार होऊ लागते. दुहेरी बंधांमुळे वाकलेली सिस मेदाम्ले चालतात, सरळ साखळीचे स्टिअरिक आम्ल चालत नाही. गंमत म्हणजे शाम्पूत फेसासाठी वापरतात ते सोडियम डोडेसिल सल्फेटही चालते! म्हणजे इथे मेदाम्ल हे कुलपाला नेमकी बसणारी किल्ली नव्हे. शिवाय मात्रा वाढवत नेली की तेच आम्ल एंझाइमाला मारक ठरते. रक्तात बहुतेक मेदाम्ले अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली असतात, तेव्हा नळीतले आकडे थेट ताटाला लावू नयेत.

आहाराचा संबंध दुसऱ्या वाटेने येतो. ५-लायपॉक्सिजनेझ हे एंझाइम अ‍ॅराकिडॉनिक आम्लापासून ल्यूकोट्राइन बी४ घडवते. त्याच्या मागावर आणखी न्यूट्रोफिल सुजेच्या जागी धावून येतात. तारली, बांगडा यांतले ईपीए हे मेदाम्ल (२० कार्बन, ५ दुहेरी बंध) त्याच एंझाइमासाठी स्पर्धा करते आणि त्यापासून बनणारे ल्यूकोट्राइन बी५ बरेच दुबळे असते. जवसातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल मात्र १८ कार्बनचे. शरीर त्यातला थोडाच भाग ईपीएमध्ये बदलते.