चाहत्यांचे तर्क : गुप्तहेर मालिकांच्या भवितव्याविषयी

गुप्तहेर मालिकेच्या दोन भागांमधल्या किंवा दोन पर्वांमधल्या काळात, तसेच मालिका थांबल्यानंतर, चाहते तिच्या भवितव्याविषयी जी अनुमाने बांधतात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. चाहत्यांच्या बोलण्यात त्यांना सरसकट ‘थिअरी’ म्हणतात. एखाद्या भागातला खुनी ओळखण्याचा प्रेक्षकांचा नेहमीचा खेळ याहून वेगळा आहे. तो भागाबरोबरच आटोपतो. इथे प्रश्न दोन असतात : कथेत पुढे काय घडणार, आणि मालिका पुढे चालणार की नाही. पहिल्याचे पुरावे कथेत शोधायचे, दुसऱ्याचे कथेबाहेर. प्रत्यक्ष चर्चेत मात्र दोन्ही सतत एकमेकांत मिसळतात. नायक मेल्याचे दाखवले की ती कथेची निकड होती की नटाचा करार संपला होता, हा वाद दोन्ही प्रश्नांना एकदमच हात घालतो.

या प्रथेचा आरंभ कुठे धरावा याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ती दूरचित्रवाणीहून जुनी आहे आणि हप्त्याहप्त्याने छापल्या जाणाऱ्या कथांतून आली आहे, एवढे बहुतेकांना मान्य आहे. सर्वांत मागे जाणारे अभ्यासक १८४१ हे वर्ष सांगतात. चार्ल्स डिकन्स यांची ‘बार्नबी रज’ ही कादंबरी तेव्हा क्रमशः प्रसिद्ध होत होती. एडगर ॲलन पो यांनी १ मे १८४१ रोजी फिलाडेल्फियातील ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये, सुरुवातीचेच हप्ते हाती असताना, तिच्यातील खुनी कोण हे सांगून टाकले. खुनी त्यांनी बरोबर ओळखला होता. इतर काही अंदाज चुकले. कादंबरी पूर्ण झाल्यावर, फेब्रुवारी १८४२ मध्ये ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये त्यांनी या विषयाकडे पुन्हा वळून आपली बाजू मांडली : भाकीत खरे ठरले नसले तरी ते खरे ठरायला हवे होते. पुढच्या काळातील चाहत्यांचा सूर इथे स्पष्ट ऐकू येतो. तरीही हा एका समीक्षकाचा एकट्याचा उद्योग होता, त्यामुळे त्याला प्रथेचा आरंभ म्हणणे जड जाते.

दुसरा पक्ष १८७० हे वर्ष धरतो. डिकन्स यांची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी एप्रिल १८७० पासून मासिक हप्त्यांत निघू लागली. बारा हप्ते योजले होते; ९ जून रोजी डिकन्स वारले आणि सहाच हप्ते प्रसिद्ध होऊ शकले. कथेत नाहीसा झालेला ड्रूड खरेच मेला का, त्याचा मामा जॉन जॅस्पर हाच मारेकरी का, आणि कथेत मागाहून अवतरणारा पांढऱ्या केसांचा डॅचरी म्हणजे वेषांतर केलेले कोणते पात्र, हे तिन्ही प्रश्न लोंबकळत राहिले. या वादात पुढे आलेली साधने बारकाईने पाहण्याजोगी आहेत. हप्त्यांच्या मुखपृष्ठावर चार्ल्स कॉलिन्स यांनी कथेतील प्रसंग चितारले होते. त्यात तळाशी कंदील घेऊन आत शिरणारा एक माणूस दिसतो आणि त्याच्या उजेडात समोर उभी एक आकृती. ही आकृती जिवंत ड्रूडची आहे असे मानणाऱ्यांनी त्या छोट्या चित्रावर अख्खा युक्तिवाद उभारला. खगोलाभ्यासक रिचर्ड प्रॉक्टर यांनी ड्रूड वाचला हे मत १८८७ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. उलट बाजूला चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांची साक्ष आहे : मामा भाच्याचा खून करतो आणि चुन्यात न विरघळलेल्या सोन्याच्या अंगठीमुळे गुन्हा उघडकीस येतो, अशी योजना डिकन्स यांनीच त्यांना सांगितली होती. चित्रकार ल्यूक फिल्ड्स यांनी १९०५ मध्ये यात एक तपशील जोडला. जॅस्परच्या गळ्यातला रुमाल दोन वेढे बसतील एवढा लांब दाखवावा, कारण त्यानेच तो ड्रूडचा गळा आवळणार आहे, असे लेखकाने त्यांना बजावले होते. या साक्षी ध्यानात घेता ड्रूड मेला हाच पक्ष बळकट ठरतो. वाद मात्र थांबला नाही. ७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये जॅस्परवर लुटुपुटीचा खटला भरवण्यात आला. न्यायाधीश जी. के. चेस्टरटन होते आणि ज्यूरीचे प्रमुख जॉर्ज बर्नार्ड शॉ.

लोकप्रिय लेखनात बहुधा शेरलॉक होम्सला पहिला मान मिळतो. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड मॅगझिन’मध्ये होम्सला रायकेनबाख धबधब्यात मारले. लंडनच्या तरुणांनी तेव्हा टोप्यांना काळ्या फिती बांधल्या असे सर्रास सांगितले जाते. ही हकिकत प्रामुख्याने जॉन डिक्सन कार यांनी लिहिलेल्या कॉनन डॉयल यांच्या १९४९ मधील चरित्रातून पसरली असावी; घटनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने आलेल्या या माहितीवर फार भार टाकू नये. १९०१ मध्ये होम्सची नवी कादंबरी क्रमशः सुरू झाली, पण तिचा काळ त्याच्या मृत्यूआधीचा होता, म्हणजे तो परत येणार का हा प्रश्न तसाच उरला. १९०३ मध्ये तो परतला. त्यानंतर वाचकांचा रोख बदललेला दिसतो. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्डला वाचलेल्या निबंधात बायबलच्या चिकित्सेची पद्धत होम्सकथांना लावली. कथेतील विसंगतीला लेखकाची चूक न मानता पुरावा मानण्याची जी रीत आजचे चाहते पाळतात, तिचे मूळ बहुधा या निबंधात आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ या मंडळाने ती पुढे नेली.

या तिन्हींपैकी ड्रूडचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. तिथे कथा खरोखर अपुरी होती, तर्क करणारे अनेक होते, आणि ते एकमेकांचे पुरावे तपासत होते. होम्सच्या बाबतीत १८९३ ते १९०३ या काळात शोक आणि मागणी पुष्कळ आढळते, पण त्या मानाने तर्क कमी.

दूरचित्रवाणीवरील आरंभीच्या गुप्तहेर मालिकांचे भाग स्वतंत्र असत, त्यामुळे तर्काला जागा थोडी होती. ‘कोलंबो’मध्ये तर खुनी पहिल्याच प्रवेशात दिसे, तिथे चाहत्यांचा प्रश्न एवढाच, की नवे भाग येणार का. ती १९७८ मध्ये थांबली, १९८९ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर परतली आणि २००३ पर्यंत अधूनमधून येत राहिली.

खरा बदल ८ एप्रिल १९९० रोजी सुरू झालेल्या ‘ट्विन पीक्स’ने घडवला. लॉरा पामर या तरुणीचा खून एकच, तपास मात्र भागामागून भाग चाललेला. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर आले होते, त्यामुळे चाहते चित्रफीत थांबवून चौकटीगणिक पाहू शकत होते, आणि यूझनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाव्यवस्थेतील गटात एकाच्या नजरेतून निसटलेली खूण दुसरा दाखवून देई. माध्यम-अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी या गटाचा केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयावरील पुढच्या लेखनाचा तो पाया ठरला. नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी उघड झाल्यावर प्रेक्षक ओसरले आणि मालिका बंद पडणार अशी चिन्हे दिसू लागताच चाहत्यांनी पत्रमोहीम उघडली. १० जून १९९१ च्या अखेरच्या भागात लॉरा नायकाला, पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू, असे सांगते. या वाक्याकडे पुष्कळांनी वचन म्हणून पाहिले. २०१७ मध्ये अठरा भागांचे नवे पर्व आले तेव्हा ते वचन जवळपास मुदतीत पाळले गेले.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ (२०१० पासून) इतकी तर्कांची बारीक नोंद क्वचितच अन्य मालिकेची उपलब्ध असेल. पर्वाला तीनच भाग आणि पर्वांमध्ये प्रदीर्घ खंड, ही रचना तर्काला फार अनुकूल होती. १५ जानेवारी २०१२ रोजी नायक लंडनच्या बार्ट्स रुग्णालयाच्या छतावरून उडी मारतो आणि शेवटच्या दृश्यात जिवंत दिसतो. पुढचा भाग १ जानेवारी २०१४ रोजी आला. मधल्या सुमारे दोन वर्षांत पथ्य एकच होते : पडद्यावर दिसलेल्या वस्तूंतूनच उकल झाली पाहिजे. प्रयोगशाळेत तो जो रबरी चेंडू आपटत बसतो, तो काखेत दाबल्यास मनगटाची नाडी लागत नाही, हे चाहत्यांनी ताडले. मालिकेने नंतर दिलेल्या उकलीत तो चेंडू तसाच आला. खाली उभा असलेला ट्रक, शवागारातील मॉलीची मदत, तोतया प्रेत, या प्रत्येकावर निरनिराळी मते होती. निर्मात्यांनीही इंधन पुरवले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी तिसऱ्या पर्वासाठी उंदीर, लग्न आणि ‘बो’ (bow, लवून केलेले अभिवादन) या अर्थांचे तीनच शब्द जाहीर केले. मूळ कथा पाठ असणाऱ्यांनी तिसऱ्या शब्दाचा दुवा ‘हिज लास्ट बो’ या होम्सकथेशी जोडला आणि तो बरोबर निघाला, फक्त भागाच्या नावात एक अक्षर बदलले होते. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात तर असे तर्क लढवणारे मंडळच पात्ररूपाने दाखवले आहे. काहींना त्यात टिंगल वाटली. प्रेक्षकांचे श्रम कथेत नोंदवले जाणे हा गौरवच होता, असे मानायला अधिक आधार आहे.

चौथे पर्व १५ जानेवारी २०१७ रोजी संपल्यावर एका गटाने वेगळेच अनुमान काढले. शेवटचा भाग इतका विस्कळीत आहे की तो मुद्दाम रचलेला फसवा भाग असावा, आणि खरा चौथा भाग गुपचूप दाखवला जाणार. पुढच्या रविवारी त्याच वाहिनीवर ‘ॲपल ट्री यार्ड’ ही नवी मालिका सुरू होणार होती. ते नाव म्हणजे नुसता मुखवटा, असा समज पसरला. २२ जानेवारीला ती मालिका ठरल्याप्रमाणे सुरू झाली. निराशेतून आलेला तर्क आणि पुराव्यातून आलेला तर्क यांतला फरक दाखवायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मालिकेच्या आयुष्याविषयीचे तर्क नटांचे करार, नव्या कामांच्या बातम्या, चित्रीकरणाची ठिकाणे, वाहिनीचे वेळापत्रक यांवर चालतात. त्यांतून कधी कृतीही होते. ‘कॅग्नी अँड लेसी’ १९८३ मध्ये बंद झाल्यावर प्रेक्षकांच्या पत्रांच्या रेट्याने १९८४ मध्ये परतली. २००७ मध्ये थांबलेल्या ‘व्हेरोनिका मार्स’च्या चित्रपटासाठी २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वीस लाख डॉलर मागितले होते, एक्क्याण्णव हजारांहून अधिक लोकांनी मिळून सत्तावन्न लाखांवर रक्कम जमवली. डेव्हिड सुशे यांच्या ‘प्वारो’ मालिकेत (१९८९–२०१३) शेवट सर्वांना पुस्तकातून ठाऊक होता, म्हणून तिथे तर्क एवढाच उरला की सगळ्या कथा चित्रित होतील का. हिंदी ‘सीआयडी’ ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबून डिसेंबर २०२४ मध्ये परतली. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू जाहीर झाला, चाहत्यांत खळबळ उडाली आणि पुढे ते पात्र परत आले.

दूरचित्रवाणीचे अभ्यासक जेसन मिटेल यांनी चाहत्यांच्या या वृत्तीला न्यायवैद्यक तपासाची उपमा देणारी संज्ञा रूढ केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील एका मानसशास्त्रीय प्रयोगात (२०११) शेवट आधी कळलेल्या वाचकांना रहस्यकथाही अधिक आवडल्या असे आढळले. तो प्रयोग लघुकथांवर होता. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांना त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत.

लेखकांनी चाहत्यांचे तर्क वाचावेत का, हा प्रश्न स्वामित्वहक्कापाशी अडतो. विज्ञानकथा मालिका ‘बॅबिलॉन ५’च्या लेखकाला एका चाहत्याने सुचवलेली कल्पना आपल्या नियोजित भागाशी जुळल्यामुळे, त्या चाहत्याने लेखी हक्कसोड देईपर्यंत तो भाग लांबणीवर टाकावा लागला होता. अशा प्रसंगांमुळे अनेक पटकथाकार चाहत्यांच्या चर्चेपासून लांब राहतात, निदान जाहीरपणे तरी तसेच सांगतात.