क्रोशाच्या भोपळ्यामागचं आयर्लंड

आयर्लंडच्या मेयो परगण्यात, कॅसलबार गावाजवळ, तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनाला वाहिलेली शाखा आहे. तिथे एक चेहरा ठेवलेला आहे. खोल गेलेले डोळे, विचकलेले दात, सुरकुतलेली कातडी. पाहणारा दचकतोच. डोनेगल परगण्यातल्या फिनटाउनच्या एका सलगमाच्या कंदिलाची ही प्लास्टरमधली प्रतिकृती. सलगम आतून पोखरायचा, त्याला असा चेहरा कोरायचा आणि हॅलोवीनच्या रात्री आत दिवा लावायचा, अशी ती रीत. दर ऑक्टोबरमध्ये जगभर केशरी लोकरीचे जे गुबगुबीत भोपळे विणले जातात, त्यांचा हा पूर्वज.

नवशिक्याने क्रोशावर करायची सोपी सजावट म्हणून हा भोपळा आता इतका रुळला आहे की त्याला काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. विणायची ही तऱ्हा अलीकडची आहे, हे खरं. पण तिच्यामागे दोन जुन्या गोष्टी आहेत, एक सणाची आणि एक सुईची. त्या दोन्ही एकाच बेटावर आणि एकाच हलाखीच्या काळात शेजारी येतात. क्रोशे शिकवणारे टाके शिकवतात, नमुना देतात, पण ही गोष्ट सहसा सांगत नाहीत. ती सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आधी सणाविषयी. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांत साउइन नावाचा सण होता. सुगी संपलेली असे, उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत चरणारी गुरं खाली आणलेली असत आणि थंडी तोंडावर आलेली असे. ३१ ऑक्टोबरचा सूर्य मावळला की हिवाळा सुरू झाला, असा त्यांचा हिशोब. त्या रात्री मेलेल्यांचं जग आणि जित्यांचं जग यांच्यातलं अंतर कमी होतं, अशी श्रद्धा होती. पुढे नवव्या शतकात, पोप चौथा ग्रेगरी याच्या काळात, १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिम युरोपात रूढ झाला आणि नंतर २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस जोडला गेला. जुन्या सणावर चर्चने आपला सण मुद्दाम बसवला की तारखा योगायोगाने जुळल्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्याला मात्र यातला शेवटचा दिवस परका नाही. गोव्यात आणि वसईत २ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून त्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. हॅलोवीन म्हणजे याच दिवसांची आदली संध्याकाळ.

कंदील या रात्रीचाच. शेतात जो कंद हाताशी असेल, सलगम किंवा गुरांसाठी लावलेलं बीट, तो कोरून दारात ठेवत किंवा काठीला टांगून मुलं घरोघर हिंडत. सैतानाला फसवल्यामुळे ना स्वर्गात ना नरकात जागा मिळालेला आणि सलगमात निखारा घेऊन अंधारात भटकणारा जॅक, ही लोककथाही त्याला चिकटलेली आहे. भोपळ्याचा मात्र यात कुठे पत्ता नव्हता, कारण हा लाल भोपळा मुळात अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या एका गुहेत भोपळवर्गातल्या लागवडीच्या फळांचे जे अवशेष मिळाले, ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. कोलंबसाच्या आधी युरोपात ही फळं कुणी पाहिलेली नव्हती.

आता सुईकडे येऊ. क्रोशे फार प्राचीन असेल अशी सर्वसाधारण समजूत असते. डॅनिश संशोधक लिस पालुदान यांनी युरोपभरचे पुरावे चाळले, तेव्हा १८०० च्या आधीचा एकही खात्रीलायक पुरावा त्यांना सापडला नाही. दोन सुयांवरचं विणकाम त्याहून कितीतरी जुनं आहे. क्रोशाचं मूळ कुठे, याचं त्यातल्या त्यात पटणारं उत्तर पूर्वेकडे बोट दाखवतं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गोल चौकटीत कापड ताणून, आकड्याच्या सुईने खालचा दोरा वर ओढत साखळीटाका घालायची फॅशन आली. ही कला आशियातून, त्यात भारतातूनही, तिकडे गेली होती. कच्छचे मोची आधी कातड्यावर आणि मग रेशमी कापडावर आरीने भरत, ते हेच काम. आज आपल्याकडे लग्नाच्या ब्लाउजवर आरी वर्क करून घेतात, तिथेही हीच सुई चालते. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की कापड काढून घेतलं तरी साखळी तुटत नाही, नुसत्या दोऱ्यावर दोरा उभा राहतो. क्रोशाचा पाया एवढाच. या नव्या कामाचे छापील नमुने सर्वात आधी आढळतात ते १८२३ च्या ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात. ते होते रेशमी दोऱ्याच्या बटव्यांचे.

तोवर क्रोशे म्हणजे खात्यापित्या घरच्या बायकांचा विरंगुळा होता. त्याला पोटापाण्याचं साधन केलं आयर्लंडने, आणि तेही हौसेने नव्हे.

१८४५ मध्ये तिथे बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं जवळजवळ सगळं जेवण म्हणजे बटाटा, आणि तो शेतातच काळा पडून कुजू लागला. पुढची काही वर्षं हेच चाललं. त्यात धान्य देशाबाहेर जात राहिलं, खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढलं गेलं आणि सरकारी मदत अपुरी राहिली. सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ८२ लाखांच्या घरात होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास उरली. आपल्याकडच्या दुष्काळांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे आकडे नुसते आकडे म्हणून वाचता येत नाहीत.

या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या उर्सुलाइन पंथाच्या नन आणि इतर कॉन्व्हेंट मुलींना क्रोशाची लेस शिकवू लागली. मोनॅहन परगण्यातल्या क्लोनिस गावात तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये हेच काम सुरू केलं आणि त्या भागातल्या असंख्य घरांची चूल त्यावर पेटू लागली. लंडनमध्ये नमुन्यांची पुस्तकं काढणाऱ्या एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी स्पॅनिश आणि व्हेनिसच्या सुईलेसचा देखावा क्रोशात कसा उतरवायचा हे छापून शिकवलं. त्यांची आई आयरिश होती. व्हेनिसची लेस करायला महिनोन्महिने लागत. क्रोशावर तसाच उठाव फार थोड्या वेळात साधायचा आणि भांडवल म्हणावं तर एक आकडा आणि दोऱ्याचं रीळ.

या कामाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. गुलाब, तीन पानांचं शॅमरॉक, द्राक्षाचे घोस, पानं असे तुकडे वेगवेगळे विणायचे, नक्षी काढलेल्या कापडावर ते मांडून टाचायचे आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरून सगळं जोडायचं. त्यामुळे एकाच घरात एकीने फक्त गुलाब करावेत, दुसरीने पानं, तिसरीने जोडकाम, असं चालायचं. लहान मुलगीही एक पान करून चार पैसे मिळवू शकायची. लेस विकत घेणाऱ्या श्रीमंत बायकांच्या गळ्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नसेल, पण क्रोशाचा पुढचा सगळा प्रसार या हातांनी झाला, हे विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यंत्रावर नकली लेस निघू लागली आणि या कामाची मागणी घसरली.

मिशनऱ्यांच्याच वाटेने लेसकाम भारतातही आलं. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात ते रुजलं आणि तिथल्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मराठी घरांतली पांढऱ्या दोऱ्याची तोरणं, ताटावरचे रुमाल, रेडिओवरची झाकणं याच कुळातली. अजूनही कित्येक घरांत ती ट्रंकेत जपून ठेवलेली आहेत.

बोटीत बसून अटलांटिक ओलांडणाऱ्या त्या लाखो आयरिश माणसांसोबत त्यांचा सण अमेरिकेत गेला. स्कॉटिश लोकांनीही तो नेला. तिथे ऑक्टोबरमध्ये शेतं भोपळ्यांनी भरलेली असत. कडक सलगम कोरताना मनगट भरून येतं. भोपळा मोठा, आतून जवळजवळ पोकळ, साल बेताची. अमेरिकेत भोपळ्याचा कंदील आधी सुगीची खूण म्हणून माहीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हॅलोवीनशी कायमचा जोडला गेला. विसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या जॅक हाउडन नावाच्या शेतकऱ्याने तर खास कोरण्यासाठीच भोपळ्याचं वाण तयार केलं, आणि ते आजही लावलं जातं.

घर सजवण्याची चाल त्यामानाने उशिरा आली. मॅसॅच्युसेट्समधली डेनिसन ही कंपनी क्रेप कागद विकायची. तिने १९०९ मध्ये हॅलोवीनसाठी पुस्तिका काढली: केशरी आणि काळ्या कागदाच्या झालरी, मांजरं, टेबलाची मांडणी, सगळं घरी कसं करायचं याच्या सूचनांसह. पेनसिल्व्हेनियातल्या बीसल कंपनीने मधमाशीच्या पोळ्यासारखे उलगडणारे कागदी भोपळे बाजारात आणले. त्याच सुमारास हॅलोवीनच्या रात्री गावोगाव पोरांच्या खोड्या हाताबाहेर चालल्या होत्या. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० मध्ये पोरांना रस्त्यावर धुमाकूळ घालू देण्याऐवजी मिरवणूकच काढली, आणि सण हळूहळू घरगुती, मुलांचा झाला. डेनिसनच्या पुस्तिकेत मला विशेष वाटतं ते तिचं आवाहन. विकत आणा असं ती म्हणत नाही. कागद आणा आणि स्वतः करा म्हणते. आज विणकामाचा नमुना वाचणारा नवशिका याच परंपरेत बसतो.

कागद एका रात्रीपुरता. दर वर्षी कपाटातून निघणारी सजावट लोकरीची व्हायला आधी लोकर स्वस्त व्हावी लागली. ड्युपॉन्ट या अमेरिकी रासायनिक कंपनीने १९५० मध्ये ऑर्लॉन हा ॲक्रिलिक धागा बाजारात आणला. न आटणारा, धुता येणारा, भडक केशरी रंगही टिकवणारा. पांढऱ्या सुती दोऱ्याच्या आणि बारीक पोलादी सुईच्या जगातून क्रोशे जाड लोकरीकडे आणि जाड सुईकडे वळलं, आणि चुका दिसण्याइतके टाके मोठे झाल्यामुळे शिकायलाही सोपं झालं. त्यात जपानी अमिगुरुमीची, म्हणजे विणून कापूस भरलेल्या छोट्या खेळण्यांची, भर पडली. फेऱ्या न जोडता, गोल गोल मुके खांब (इंग्रजीत सिंगल क्रोशे) घालत पोकळ आकार घडवायचा आणि कापूस भरायचा, ही तिची पद्धत या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेत पसरली. २००७ मध्ये रॅव्हलरी हे विणकामाचं संकेतस्थळ सुरू झाल्यावर नमुने देशांच्या सीमा न पाहता फिरू लागले. परदेशातल्या मराठी घरांत हे दिवस दिवाळीच्या आगेमागेच येतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती.

आज भोपळा विणायच्या दोन वाटा आहेत. एक अमिगुरुमीची: मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या कडीत, सहा मुके खांब, मग ठरावीक जागी टाके वाढवत आणि पुढे घटवत जायचं. दुसरी सपाट पट्टीची. पहिल्यांदा सुई धरणाऱ्याने पट्टीचीच वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. गोलात टाका चुकला की आकार बिघडतो आणि चूक कुठे झाली ते नव्या डोळ्यांना सापडत नाही. पट्टीत ओळ संपली की टाके मोजता येतात. मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घ्या. एकवीस साखळ्या घाला, सुईजवळची एक सोडून वीस मुके खांब विणा. पुढची प्रत्येक ओळ टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून घ्या, म्हणजे पट्टीवर धारा उठतात. ओळींची लांबी भोपळ्याची उंची ठरवते आणि ओळींची संख्या घेर, म्हणून पट्टी ओळीच्या साधारण दुप्पट लांब होईपर्यंत विणत राहा. पहिली आणि शेवटची ओळ एकमेकींना शिवा, नळी होईल. एक तोंड दोरा ओवून आवळा, कापूस भरा, दुसरं आवळा. मग लांब दोरा मधोमध आरपार घालून बाहेरून सहा-आठ वेळा ताणून घ्या, फाका उठून दिसतील.

देठ, पान आणि वेलीचा पिळा क्लोनिसच्या बायका करत तसेच वेगळे विणून शेवटी टाचायचे. पिळ्यासाठी वीस साखळ्या पुरतात. परत येताना प्रत्येक साखळीत दोन मुके खांब घाला, तो आपोआप वळतो.