पत्ता ओळखणं आणि मन ओळखणं

आमच्याकडच्या एका मुंजीत, रात्री जेवणं आटोपल्यावर पोरांनी धोशा लावला म्हणून मी खिशातला पत्त्यांचा कॅट काढला. बदामची राणी कॅटच्या मधोमध घातली, ती वर आली. पुन्हा घातली, पुन्हा वर आली. एका भाच्याने माझी बाही उलटी करून पाहिली, दुसऱ्याने कॅट हिसकावून बावन्नच्या बावन्न पत्ते मोजले. सगळे हसत होते. मग मी आत्याला म्हटलं, "शाळेतली एखादी मैत्रीण मनात आण, नाव सांगू नकोस." थोड्या वेळाने मी ते नाव उच्चारलं, तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही.

निजानीज होताना आत्याने मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. "तुला दिसतं ना रे सगळं? मग सांग, ह्यांचं ऑपरेशन नीट होईल ना?"

"आत्या, ते पत्त्यांसारखंच होतं गं. जादूचा प्रयोग."

"बरं, सांगायचं नसेल तर नको सांगू," असं म्हणून तिने दिवा मालवला.

वीस वर्षं मी हौसेने जादू करतोय, पण इतका गप्प कधी झालो नव्हतो. एकाच माणसाने, एकाच बैठकीत, सारख्याच लबाडीने केलेले दोन प्रयोग. पहिल्यात लोक माझी बाही तपासतात आणि दुसऱ्यात माझ्यावर विश्वास ठेवतात. असं का होतं, हे शोधायला मी या कलेच्या इतिहासात शिरलो.

युरोपात पत्त्यांचे उल्लेख १३७०च्या दशकापासून सापडतात. आपल्याकडे गंजिफा हा जुना पत्त्यांचा खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते हाताने रंगवले जातात. त्यातल्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते असतात. हे पत्ते मी हातात घेऊन पाहिले आहेत. पत्त्यांची हातचलाखी बहुतेक सगळी कडांवर आणि कोपऱ्यांवर चालते आणि गोल पत्त्याला कोपराच नसतो. त्यामुळे आज आपण जिला पत्त्यांची जादू म्हणतो, ती चौकोनी कागदी पत्त्यासोबत बाहेरूनच आली, असं माझं मत आहे.

तिच्या इतिहासातलं मला सर्वांत प्रिय नाव रेजिनाल्ड स्कॉट. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला हा गृहस्थ. १५७४ मध्ये त्याने हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या, लागवडीवर पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या आजूबाजूला चेटकीण ठरवून म्हाताऱ्या बायकांना फासावर चढवलं जात होतं आणि ते त्याला बघवेना. १५८४ मध्ये त्याने चेटूक म्हणजे काय, हे उलगडणारं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात हातचलाखीचे प्रयोग कसे करतात तेही लिहून टाकलं. पत्ते पिसताना एक पत्ता आपल्या जागी कसा राखायचा, आणि समोरच्याने मनात धरलेला पत्ता साथीदाराशिवाय कसा सांगायचा, हे दोन्ही त्यात आहे. म्हणजे मन ओळखण्याचा पत्त्यांचा प्रयोग छापला गेला तोच मुळी यात दैवी काही नाही हे दाखवायला.

पुढची अडीचशे वर्षं मी भरभर ओलांडतो आणि व्हिएन्नात थांबतो. योहान नेपोमुक होफत्सिंझर (१८०६–१८७५) हा अर्थखात्यातला सरकारी नोकर. संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात मोजक्या लोकांसमोर तो पत्त्यांचे प्रयोग करायचा. तोपर्यंत जादू म्हणजे मोठाली यंत्रं आणि पेटारे. त्याने टेबलावर नुसता एक कॅट ठेवला आणि पत्ता निवडणाऱ्याच्या मनाशी खेळ सुरू केला. तो गेल्यावर, त्याच्याच इच्छेनुसार, त्याचे कागद पत्नीने जाळले. त्याच्या शिष्यांकडे उरलेलं गोळा करून ओटोकार फिशर यांनी १९१० मध्ये पुस्तक केलं, म्हणून आज थोडंफार हाती आहे. दिवसा फायली, रात्री पत्ते. माझ्यासारख्या नोकरदार हौशी माणसाला तो घरचा वाटतो.

मन ओळखण्याच्या खेळाचं रंगभूमीवरचं घराणं वेगळं. पिनेत्ती नावाचा इटालियन जादूगार १७८४ मध्ये लंडनला आला तेव्हा डोळे बांधलेली त्याची पत्नी प्रेक्षकांच्या वस्तू ओळखायची. या प्रयोगाला खरं रूप दिलं ते पॅरिसच्या रोबेर-हुदँने. हा मूळचा घड्याळजी. १८४६ मध्ये त्याने आपल्या मुलाला, एमिलला, डोळ्यांवर पट्टी बांधून रंगमंचावर बसवलं. बाप प्रेक्षकांत फिरून एकेक वस्तू हातात घ्यायचा आणि मुलगा ती अचूक सांगायचा. प्रश्नाच्या शब्दांत खुणा असणार, असं लोक कुजबुजू लागले, तेव्हा त्याने बोलणं बंद करून नुसती घंटी वाजवायला सुरुवात केली. पुढे घंटीही गेली.

यामागची मेहनत त्याने आठवणींत लिहिली आहे. बापलेक दुकानांच्या काचेसमोरून न थांबता, एक नजर टाकून पुढे जायचे. थोडं पुढे जाऊन काय काय दिसलं ते कागदावर उतरवायचं आणि परत येऊन पडताळायचं. मुलगा बापाला मागे टाकायचा. मी हे गल्लीतल्या किराणा दुकानासमोर करून पाहिलं आहे. पहिल्या दिवशी सात वस्तू आठवल्या, आणि त्यातल्या दोन तिथे नव्हत्याच.

एमिल बसला १८४६ साली. दोनच वर्षांनी, मार्च १८४८ मध्ये, अमेरिकेतल्या हाइड्सव्हिल गावात फॉक्स घराण्यातल्या दोन मुली आत्म्यांशी बोलतात अशी वदंता उठली. आत्मा ठकठक करून उत्तर देतो, असं सांगितलं जायचं. या ठकठकीतून परलोकविद्येची लाट उठली आणि ती अटलांटिक ओलांडून गेली. मुलं गमावलेले आईबाप अंधाऱ्या खोल्यांत हात धरून बसू लागले. चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांतल्या मार्गारेटने न्यूयॉर्कच्या भरलेल्या सभागृहात तो आवाज पायाच्या बोटाचं हाड वाजवून काढून दाखवला. तोवर हजारो घरांत तेच सुरू होतं. माझ्या लेखी दोन वाटा फुटल्या त्या इथेच. युक्त्या एकाच जातीच्या. पॅरिसमध्ये लोक जादूगाराचं तिकीट काढून आत शिरत. अंधाऱ्या खोलीत शिरताना आपण जादू बघायला आलोय हे कुणी सांगतच नसे.

याच काळात मनोवाचनाचा एक अस्सल प्रकारही आला. वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप (१८५५–१८८९) हा अमेरिकन कलाकार लपवलेली टाचणी शोधायचा. टाचणी लपवणाऱ्याचा हात धरून तो खोलीभर फिरे. जागा जवळ आली की त्या माणसाचा हात त्याच्याही नकळत किंचित सैल पडे किंवा ताठरे आणि बिशपला वाट कळे. नकळत होणाऱ्या अशा हालचालींना विल्यम कार्पेंटर या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं. दोऱ्याला अंगठी बांधून हात स्थिर धरा आणि ती गोल फिरतेय एवढी नुसती कल्पना करा. अंगठी फिरू लागते. गेल्या दिवाळीत मी आत्याच्या हातात असा दोरा दिला. अंगठी फिरायला लागली तशी ती म्हणाली, "मी नाही रे हलवत!" मी तिचं मनगट उशीवर टेकवलं. अंगठी हळूहळू थांबली. आत्याने दोरा पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला, असं चार-पाचदा केलं. माझ्या कुठल्याही प्रयोगाकडे तिने इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

विसाव्या शतकात मला सगळ्यांत बोलका वाटतो तो जादूगार हुदिनी. कुठलीही युक्ती तीनदा पाहिली की मी ओळखतो, अशी त्याची शेखी होती. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या तरुणाने त्याला, मी मुंजीत केला त्याच जातीचा, वर येणाऱ्या पत्त्याचा प्रयोग पुन्हा पुन्हा दाखवला. हुदिनीला काही कळेना. पण व्हर्ननला सिद्धी आहे असं त्यालाही वाटलं नाही, ना व्हर्ननने तसं सुचवलं. दोन वर्षांनी हाच हुदिनी बॉस्टनमध्ये एका नामांकित माध्यम-बाईच्या, म्हणजे आत्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईच्या, अंधाऱ्या खोलीत बसून तिची लबाडी उघडी पाडत होता. दोन्हीकडे माणूस तोच, डोळेही तेच.

पत्ता आणि मन थेट एकत्र आले ते १९३०च्या दशकात, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. जे. बी. ऱ्हाइन यांनी अतींद्रिय शक्ती तपासायला झेनर पत्ते वापरले. गोल, अधिक, लाटा, चौकोन आणि तारा अशा पाच खुणा, प्रत्येकीचे पाच, म्हणजे पंचवीस पत्ते. नुसत्या योगायोगाने सरासरी पाच बरोबर येतात; जास्त आले तर शक्ती आहे, असा हिशेब. पुढे विक्रीला आलेल्या कॅटचे पत्ते इतके पातळ निघाले की उजेडात मागून खूण दिसे. पत्ते खेळणारा कुणीही पोरगा हे आधी तपासतो.

जेम्स रँडी या जादूगाराने पुढे हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. १९७९ मध्ये सेंट लुईसच्या एका विद्यापीठात अतींद्रिय शक्तींची प्रयोगशाळा निघाली, तेव्हा त्याच्या सल्ल्याने चालणारे दोन तरुण हौशी जादूगार सिद्धी असल्याचं सांगून तिथे दाखल झाले. तुम्ही फसवताय का, असं कुणी थेट विचारलं तर तत्क्षणी कबूल करायचं, हे आधीच ठरलं होतं. कुणी विचारलंच नाही. १९८३ मध्ये रँडीनेच सगळं जाहीर केलं. त्यांच्यातला एक पुढे बॅनाचेक या नावाने मोठा मेंटॅलिस्ट, म्हणजे मन ओळखण्याचे प्रयोग करणारा जादूगार, झाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सिद्धीचा दावा न करताही मन ओळखण्याचा खेळ करता येतो हे त्याने दाखवलं.

आपल्याकडे हा धागा श्रीलंकेतून आला. डॉ. अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) यांनी चमत्कार करणाऱ्यांना एक लाख रुपयांचं आव्हान दिलं होतं आणि त्यातली एक अट होती, बंद पाकिटातल्या नोटेचा नंबर सांगा. बक्षीस कुणालाही नेता आलं नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांमागची हातचलाखी करून दाखवत राहिले. २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि पैसे कमावणं हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

बंद पाकिटातल्या नोटेचा प्रयोग मीही करतो. पण हल्ली सुरू करण्याआधी पाकीट सगळ्यांना दाखवतो आणि सांगतो: हे पाकीट मी आणलंय, म्हणून नंबर सांगू शकेन. पाकीट तुमचं, बंद तुम्ही केलेलं, आणि मी त्याला हातही लावायचा नाही असं ठरलं, तर मला नाही जमणार. परवा हे ऐकून एक आजोबा म्हणाले, "मग आण इकडे ते पाकीट," आणि उजेडाला धरून उलटसुलट करून पाहू लागले.