डबीवरचे पाच मिलिग्रॅम

माझी भाची डेन्व्हरला असते. गेल्या वर्षी मी तिच्याकडे महिनाभर राहून आले. एका संध्याकाळी चहाची पूड शोधताना वरच्या फडताळात एक चपटी डबी हाताला लागली. झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडेना. आत साखर भुरभुरलेले जेलीचे चौकोनी तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचा छाप. छापात एक उद्गारचिन्ह आणि ‘टीएचसी’ ही तीन अक्षरं.

“मावशी, तो खाऊ नाही हं,” भाची मागून म्हणाली. “गांजा आहे त्यात. पाळीच्या दिवसांत घेते मी.”

मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं. तरीही गांजा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे देवळामागचा पार, चिलीम आणि तिच्याभोवती बसलेले पुरुषच येतात. चौतिशीतली, नोकरी करणारी, रात्री नऊला दुधाचा कप घेऊन झोपायला जाणारी माझी भाची त्या चित्रात कुठेच बसत नव्हती. अमेरिकेतल्या गांजाच्या बाजाराचं सध्याचं चित्र मात्र तिच्यासारख्या बायकांशिवाय पुरं होत नाही.

भाची राहते त्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही दुकानातून गांजा विकत घेता येतो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी देशभर परवानगी दिली. अमेरिकेत २०२३ अखेर अशी मुभा देणारी २४ राज्यं झाली. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. हे विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी तरुणांच्या सवयींची नोंद ठेवत आलं आहे. १९ ते ३० या वयात, गेल्या वर्षभरात गांजा घेतल्याचं सांगणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं. ३५ ते ५० या वयात मात्र तेव्हाही पुरुषच जास्त होते.

बायका या बाजारात कशा आल्या, हे त्या डबीकडे पाहूनच कळतं. धूर नाही, वास नाही, कपड्यांना दर्प नाही. मात्रा मोजलेली. पर्समध्ये मावते. दुकानातल्या फळीवर ‘झोप’, ‘दुखणं’, ‘शांतता’ अशा नावांनी माल मांडलेला असतो. अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग हिने २०१६ मध्ये खास पाळीच्या दुखण्यासाठी अशी उत्पादनं विकणारी कंपनी काढली होती. ती २०२० मध्ये बंद पडली, पण बायकांच्या कोणत्या दुखण्याला गिऱ्हाईक आहे हे तोवर साऱ्या बाजाराला कळून चुकलं होतं.

ते दुखणं मी माझ्या घरात पाहिलं आहे. भाचीला तेराव्या वर्षापासून पाळीत इतक्या कळा यायच्या की शाळेतून रिक्षाने घरी आणावं लागे. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, “लग्न झालं की थांबेल.” लग्न झालं, थांबलं नाही. मग “मूल झालं की थांबेल.” एकोणतिसाव्या वर्षी दुर्बिणीतून तपासणी झाली आणि एंडोमेट्रिओसिसचं निदान झालं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालं गर्भाशयाबाहेर वाढतात. जननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना हा आजार असतो आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात. सोळा वर्षं जिला “सहन कर” एवढंच ऐकायला मिळालं, तिने फळीवर ‘दुखणं’ असं लिहिलेली डबी उचलली, तर मी तिला दोष देणार नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे.

त्या डबीवर लिहिलं होतं: प्रत्येक तुकड्यात ५ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. कोलोरॅडोच्या नियमाने एका वेळची मात्रा १० मिलिग्रॅमपर्यंत आणि पूर्ण पाकीट १०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकतं. कॅनडात तर अख्ख्या पाकिटालाच १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हे आकडे कुणाच्या शरीराला धरून आले? बाईच्या शरीराचा विचार त्यांत वेगळा केलेला नाही, आणि तो करावा असं वाटायला भरपूर कारणं आहेत.

थोडं मागून सांगते. गांजातली नशा आणणारी टीएचसी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळी केली. ती मेंदूत ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुलपासारख्या जागेवर, जाऊन बसते, तो सापडायला १९८८ उजाडलं. कुलूप सापडल्यावर प्रश्न आला की आपल्या शरीरात गांजाचं कुलूप मुळात आलंच कशाला? शरीराची स्वतःची एखादी किल्ली असणार. १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ती डुकराच्या मेंदूतून मिळाली, आणि तिचं नाव ठेवताना त्यांनी आपला ‘आनंद’ हा शब्द घेतला: आनंदमाइड. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

आनंदमाइड फार वेळ टिकत नाही. एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे लगेच तुकडे करतं. हे विकर सुस्त असेल तर काय होतं, हे स्कॉटलंडमधल्या एका बाईमुळे कळलं. पासष्टी ओलांडल्यावर तिच्या हातावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि तिने वेदनाशामकं जवळजवळ नकोच म्हटलं. तपासलं तेव्हा जनुकातल्या बदलामुळे तिच्या रक्तात आनंदमाइडचं प्रमाण सर्वसाधारण माणसाच्या जवळपास दुप्पट निघालं. तिला आयुष्यभर दुखणं असं फारसं जाणवलंच नव्हतं.

आता मुद्दा असा, की स्त्रीच्या शरीरात या विकराच्या कामावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव पडतो. बीजांड बाहेर पडण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन चढलेलं असतं, तेव्हा रक्तातलं आनंदमाइडही चढतं, आणि पुढच्या पंधरवड्यात ते उतरतं. गर्भाशयातही हे रिसेप्टर आहेत. म्हणजे ज्या यंत्रणेवर गांजा काम करतो, ती यंत्रणाच बाईच्या अंगात महिनाभर भरती-ओहोटीसारखी हलत असते. डबीवर मात्र महिन्याचे सगळे दिवस तेच ५ मिलिग्रॅम.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या रिबेका क्राफ्ट यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं हेच तपासलं. मादी उंदरांना टीएचसीने वेदनेत जास्त आराम मिळतो, आणि इस्ट्रोजेन चढलेल्या दिवसांत तर अधिकच. २०१४ मध्ये त्यांनी दुसरी बाजू दाखवली. माद्यांना नरांपेक्षा ३० टक्के कमी मात्रा दहा दिवस दिली, तरी औषध अंगवळणी पडण्याचा वेग माद्यांतच जास्त निघाला. अंगवळणी पडणं म्हणजे काल एका तुकड्याने जे साधलं, त्याला आज दीड तुकडा लागणं. व्यसनाचा रस्ता तिथूनच जातो. माणसांतही पुरुष जास्त संख्येने व्यसनी झालेले दिसतात, पण पहिल्या वापरापासून व्यसनापर्यंतचं अंतर बायका लवकर कापतात, असं अनेक पाहण्यांत आढळलं आहे.

इथवर वाचून वाटेल, चला, निदान दुखण्यावर तरी बायकांना जास्त फायदा होणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झिव्हा कूपर आणि मार्गारेट हेनी यांनी २१ पुरुष आणि २१ बायकांवर प्रयोग केला. सगळे नियमित गांजा ओढणारे. ओढून झाल्यावर हात बर्फासारख्या थंड पाण्यात बुडवायचा, दुखायला कधी लागलं ते सांगायचं, आणि सहन होईनासं झालं की हात बाहेर काढायचा. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. पुरुषांची वेदना स्पष्ट कमी झाली होती. बायकांच्या वेदनेत म्हणावा असा फरक पडला नव्हता. उंदरांत दिसलं त्याच्या जवळजवळ उलट!

या दोन प्रयोगांवर मी पुष्कळ विचार केला आहे. उंदराच्या मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं, बाईचं चार आठवड्यांचं. थंड पाण्याची कळ वेगळी, ओटीपोटातली कळ वेगळी. कोलंबियातल्या बायका आधीपासून गांजा घेत होत्या, त्यामुळे त्यांना तो अंगवळणी पडून गेलेला असू शकतो. यातलं खरं कारण कोणतं, हे ठरवायला शेकडो बायकांवर, पाळीच्या तारखा नोंदवून केलेले प्रयोग हवेत. ऑस्ट्रेलियात एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांच्या पाहणीत दहातल्या एकीहून अधिकजणींनी दुखण्यासाठी गांजा वापरल्याचं आणि आराम पडल्याचं सांगितलं. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण पाहणी म्हणजे प्रयोग नव्हे. साखरेची गोळी घेणाऱ्या दुसऱ्या गटाशी तुलना झाल्याशिवाय औषधाचा हिशेब पुरा होत नाही.

औषधशास्त्रात बायकांना मागे ठेवण्याची खोड जुनी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळायला सांगितलं. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. ते धोरण १९९३ मध्ये मागे घेतलं गेलं, पण मधल्या सोळा वर्षांची किंमत नंतर मोजावी लागली. झोल्पिडेम हे झोपेचं औषध बायकांच्या रक्तात सकाळपर्यंत जास्त उरतं, हे मान्य करून त्यांची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला २०१३ उजाडलं. तोवर वीस वर्षं बायका तेवढीच गोळी घेऊन सकाळी गाडी चालवत होत्या. झोल्पिडेमला निदान डॉक्टरची चिठ्ठी लागते.

जेलीच्या तुकड्यांची आणखी एक गोम आहे. गांजा ओढला की टीएचसी फुप्फुसांतून मिनिटांत मेंदूत पोचते. खाल्ला तर आधी यकृतात जाते, आणि तिथे तिचा काही भाग अधिक जोरकस रूपात बदलतो. असर यायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि तो उतरायला कितीतरी जास्त. होळीला भांग प्यालेल्यांची फजिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. “काही होत नाही” म्हणून दुसरा पेला घेतला, की तासाभराने दोन्ही एकदम चढतात. डबीवरही दोन तासांहून जास्त उशीर होऊ शकतो, असा इशारा होता. अक्षर इतकं बारीक की मला चष्मा आणावा लागला.

चष्मा लावल्यावर त्याखालची ओळही वाचली: गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्याला आणखी धोके असू शकतात.

डबीवर हे लिहिलेलं असतं, पण दुकानात काय सांगतात? कोलोरॅडोतल्याच संशोधकांनी आठ आठवड्यांची गरोदर बाई असल्याचं भासवून ४०० दुकानांना फोन केले आणि मळमळीवर उपाय विचारला. जवळपास ७० टक्के दुकानांनी गांजाचं उत्पादन सुचवलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा खरंच हात कापले. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात. टीएचसी वारेतून बाळापर्यंत जाते, चरबीत साठते, आईच्या दुधातही उतरते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात साडेसहा लाखांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वय, तंबाखू, उत्पन्न अशा बाबतींत सारख्या बायकांची तुलना केली, तेव्हा गांजा घेणाऱ्यांत १०.२ टक्के बाळंतपणं वेळेआधी झाली होती, न घेणाऱ्यांत ७.२ टक्के. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींनुसार गरोदरपणात गांजा घेणाऱ्यांचं प्रमाण २००९ मधल्या ४.२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ७.१ टक्क्यांवर गेलं होतं. बाळंतिणीला ओवा-शेपा देतानाही आपल्याकडच्या आज्या दहा वेळा विचार करायच्या.

“मी सीबीडीचं घेते, त्याने नशा येत नाही,” असंही बायका सांगतात. सीबीडी हा गांजातलाच दुसरा घटक. त्यांच्यासाठी एकच आकडा देते. २०१७ मध्ये इंटरनेटवरून मागवलेली सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली, त्यांत लेबलाशी जुळणारी जेमतेम ३१ टक्के निघाली, आणि १८ उत्पादनांत टीएचसी होती.

इकडे येणाऱ्या मुलींनाही सांगते: भारतातला अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा गांजाच्या व्याख्येतून पानं आणि बिया बाहेर ठेवतो, फुलोरा नाही. टीएचसी येते ती मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकापासून. तिथलं बिल दाखवून इथे सुटका होत नाही. ती डबी बॅगेत टाकू नका.

भाचीला मी यातलं काहीच पहिल्या दिवशी बोलले नाही. तिच्याकडे एक वही निघाली. पाळीची तारीख, किती तुकडे, किती वाजता, दुखणं दहापैकी किती. दीड वर्षाच्या नोंदी. सुरुवातीला अर्धा तुकडा, अलीकडे दोन. आम्ही दोघींनी ओट्याजवळ बसून पानं उलटली. अर्ध्याचे दोन कधी झाले, हे तिने स्वतःच बोट ठेवून शोधलं.

जूनमध्ये तिचा फोन आला. आता दोघांना मूल हवं आहे, म्हणून तिने तुकडे पूर्ण बंद केले. पहिले आठ दिवस झोप लागली नाही, चिडचिड झाली, मग ती सावरली. कळा मात्र पूर्वीच्याच. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना ती वही दाखवायला तिने वेळ मागितली. सात आठवड्यांनंतरची मिळाली.

“तोवर काय करू, मावशी?” तिने विचारलं. मी तिला शेकायला सांगितलं. तेरा वर्षांची होती तेव्हाही हेच सांगितलं होतं.