राष्ट्रीय संग्रहालय सेवा आणि सार्वजनिक संग्रह

राष्ट्रीय संग्रहालय सेवा म्हणजे देशातल्या लोकांच्या मालकीच्या वस्तू गोळा करणारी, सांभाळणारी, त्यांचा अभ्यास करून त्या लोकांपुढे ठेवणारी यंत्रणा, जिचा पैसा मुख्यतः सरकारकडून येतो. ती एकाच बिल्डिंगपुरती असते असं नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एका संस्थेखाली सात म्युझियम आहेत, त्यातलं बिग पिट म्हणजे बंद पडलेली कोळशाची खाण, तिथे पूर्वी खाणीत राबलेली माणसंच लोकांना ९० मीटर खाली नेऊन सगळं समजावून सांगतात.

राजे आणि श्रीमंत लोक आधीही वस्तू जमवायचेच, पण त्या बघायला मिळणार की नाही ते मालकाच्या मर्जीवर. १७५३ मध्ये हॅन्स स्लोन या डॉक्टरचा प्रचंड संग्रह ब्रिटिश पार्लमेंटने घेतला, त्यातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं आणि १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं. १७९३ मध्ये पॅरिसला लूव्र म्युझियम उघडलं, तिथे तर राजाचाच संग्रह जनतेचा झाला. स्लोनच्या पैशात जमैकातल्या गुलामांच्या कष्टांचा वाटा होता हेही इथे सांगायलाच हवं, कारण वस्तू कुठून आणि कशी आली याचा शोध घेणं आता या सेवेचं मोठं काम झालंय. २०२२ मध्ये जर्मनीने बेनिनच्या (आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य) लुटून नेलेल्या ब्राँझ कलाकृतींपैकी काही नायजेरियाला परत दिल्या, पण ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्यामुळे संग्रहातली वस्तू सहजासहजी देता येत नाही.

मोठ्या म्युझियममध्ये गॅलरीत दिसतो तो संग्रहाचा अगदी छोटा भाग, बाकी सगळं स्टोअरमध्ये, आणि त्यावर लोक नेहमी विचारतात की दाखवायचं नाही तर ठेवायचं कशाला. ठेवायचं कारण पुढे कोण काय विचारेल ते आज कुणालाच माहीत नसतं. शिकारी पक्ष्यांची अंडी घरट्यातच फुटायला लागली तेव्हा १९६० च्या दशकात डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने म्युझियममधली आणि खाजगी संग्रहातली जुनी अंडी तपासली, तर १९४० च्या दशकाच्या शेवटापासून कवचं पातळ होत गेलेली दिसली आणि संशय डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर गेला. अंडी जमवणाऱ्यांच्या डोक्यात कीटकनाशकांचा विचारही नव्हता, पण प्रत्येक अंड्यासोबत जागा आणि तारीख लिहिलेली होती म्हणून ती कामाला आली.

म्हणून नोंद हा या कामाचा कणा. वस्तू आली की रजिस्टरमध्ये चढते, तिला नंबर मिळतो, तो वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूला आधी पारदर्शक लेपाचा पातळ थर देऊन त्यावर बारीक अक्षरात लिहितात, म्हणजे गरज पडली तर वस्तूला धक्का न लावता पुसता येतो. नंबर आणि नोंद यांची ताटातूट झाली तर वस्तू जागेवर असूनही मुकी होते. जुनं कापड आणि जलरंगाची चित्रं साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतक्या मंद उजेडात ठेवतात, गॅलरीत अंधार का असं लोकांना वाटतं ते यामुळे, कारण उडालेला रंग परत येत नाही. किडे, दमट हवा, गळकं छप्पर यांच्याशी रोजची लढाई असते आणि बजेट कापताना नेमकी हीच न दिसणारी कामं आधी कापली जातात, हे फार चुकीचं आहे.

२ सप्टेंबर २०१८ ला रिओ दि जानेरोमधलं ब्राझीलचं राष्ट्रीय म्युझियम जळालं. कित्येक वर्षं देखभालीला पुरेसा पैसा मिळत नव्हता, आग लागली तेव्हा जवळच्या हायड्रंटना, म्हणजे आग विझवण्यासाठीच्या नळांना, पाणीच नव्हतं. सुमारे २ कोटी वस्तूंपैकी बहुतेक गेल्या, त्यात आता कुणीच बोलत नाही अशा आदिवासी भाषांची रेकॉर्डिंगही होती. लुझिया या ११ हजार वर्षांहून जुन्या स्त्रीच्या कवटीचे तुकडे ढिगाऱ्यात सापडले. वनस्पतींचे नमुने आणि मुख्य लायब्ररी दुसऱ्या इमारतीत होती, म्हणून वाचली.