पुठ्ठ्याचे भविष्यातले यंत्र उभारताना: कापण्याआधी नळ्यांची दिशा पाहावी

वापरलेल्या पुठ्ठ्याचा संच आमच्याकडून नेणाऱ्या शाळांकडून आणि सुट्टीतल्या शिबिरांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. मुलांनी गटाने कल्पनेतून उभारलेले भविष्यातले यंत्र दुसऱ्या दिवशी एका बाजूला कलते, आणि पुठ्ठा हलका निघाला असे समजून जादा ताव मागवले जातात. बहुतेक वेळा दोष पुठ्ठ्याचा नसतो, तो कोणत्या दिशेने कापला याचा असतो.

थ्री प्लाय पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटवलेला असतो आणि त्यामुळे आत समांतर नळ्या तयार होतात. नळ्या उभ्या राहिल्या तर पुठ्ठा चांगला भार पेलतो. त्या आडव्या पडल्या तर तोच पुठ्ठा वजनाखाली वाकतो.

गटात ही चूक हमखास होते. समजा, हवेतून पाणी काढणारे यंत्र करायचे ठरले. एक जण टाकी कापतो, दुसरा पाय कापतो, तिसरी बटणांची पाटी करते, आणि ताव वाचावा म्हणून प्रत्येक जण आपला भाग उरलेल्या कोपऱ्यात बसेल तसा फिरवून आखतो. मग चारपैकी दोन पायांच्या नळ्या आडव्या येतात, आणि टाकी चढवल्यावर तेवढेच दोन पाय हळूहळू दबत जातात. म्हणून कटर हाती घेण्याआधी साऱ्या गटाने एकाच कागदावर आराखडा काढावा, प्रत्येक भागावर नळ्यांची दिशा बाणाने दाखवावी आणि हे बाण तपासण्याचे काम एकाच मुलाकडे सोपवावे. कमी बोलणाऱ्या मुलाला हे काम दिल्यास गट त्याचे ऐकू लागतो, हा त्यातला आणखी एक लाभ.

भाग एकमेकांत अडकवण्यासाठीची खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच रुंद, म्हणजे ३ मिलिमीटरच्या तावाला ३ मिलिमीटरच ठेवावी. फेविकॉल पातळ लावावा, कारण पुठ्ठ्याचे थर सहसा स्टार्चच्या खळीने जोडलेले असतात आणि फार ओल लागली की ते सुटतात.

आम्ही भाग कापूनच का देत नाही, असेही विचारले जाते. जे यंत्र मुलांनी स्वतः कल्पिले, त्याचे भाग आम्ही ठरवले तर मुलांच्या हाती फक्त जोडणी उरेल, आणि ते आम्हाला पटत नाही. वापरलेले खोके उलगडून, पिना काढून, दबलेल्या कडा छाटून आम्ही ताव देतो आणि प्रत्येक तावाच्या मागे दिशेचा बाण उमटवतो. कापलेला ताव मात्र परत घेता येत नाही. चाके व गोल झाकणे मुलांच्या हातून नीट कापली जात नाहीत, ती आराखडा आधी पाठवल्यास माफक दरात कापून मिळतील. पावसाळ्यात संच उपक्रमाच्या आदल्या दिवशीच न्यावा आणि ताव प्लॅस्टिकमध्ये आडवे ठेवावेत.