पाव किलो, लादी पाव आणि नवसाला पावणारा गणपती

रविवारी सकाळी पुण्यातल्या पेठांमध्ये 'पाव' वेगवेगळ्या तोंडून कानावर पडतो. कुणी पाव किलो बाकरवडी मागतं, कुणी मिसळीसाठी लादी पाव घेऊन लगबगीने घरी निघालेलं असतं, आणि नातवाला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं सांगणाऱ्या आजी म्हणतात, "गणपती पावला हो!" ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. पण हे तीन 'पाव' एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. एक संस्कृतातल्या 'पाद'पासून आला, दुसरा 'प्राप्' या धातूपासून आणि तिसरा पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे.

पहिला घ्या. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग, म्हणून संस्कृतात 'पाद' म्हणजे पायही आणि चतुर्थांशही. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'द' बहुधा गळून पडतो. कदलीची केळ झाली, बदराचं बोर झालं, 'खादन'चं खाणं झालं. तसा 'पाद'चा 'पाअ' झाला. दोन स्वर लागोपाठ उच्चारताना जीभ मध्ये एक हलका 'य' किंवा 'व' सरकवते. 'य' आला तिथे पाय झाला, 'व' आला तिथे पाव. म्हणजे चालायचा पाय आणि पाव किलोतला पाव ही सख्खी भावंडं. याच घरातले आणखी दोघे आपण रोज वापरतो. 'पादोन', म्हणजे पाव कमी, त्याचं झालं पाऊण. 'सपाद', म्हणजे पावासकट, त्याचं झालं सव्वा. चार आण्यांची पावलीही इथलीच. आजोबांच्या पिढीतल्या मुलांनी पावकी, पाउणकी, सवायकी घोकली, ती सगळी या एका पायावर उभी होती.

आता गणपतीचा 'पाव'. 'प्राप्' म्हणजे पोचणं, मिळणं. सुरुवातीच्या 'प्र'चा 'प' झाला आणि दोन स्वरांमधला 'प' मऊ पडून 'व' झाला. हाही नेमच आहे. दीपाचा दिवा, कपाटाचं कवाड, कपर्दिकेची कवडी. वरच्या 'सपाद'कडे पुन्हा पाहिलं तर त्यात दोन्ही नेम एकदम लागलेले दिसतात: 'प'चा 'व' झाला आणि 'द' गळाला. इतक्या व्यवस्थित रीतीने शब्द झिजतात हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा मला वाटतं कुणालाही आनंदच व्हावा.

या झिजेतून आणखी एक गंमत झाली. नवसाला पावणे, पावणेदोन वाजले, आणि गावाकडे "या पावणं, बसा" म्हणतात तो पाहुणा. पहिला 'प्राप्'चा, दुसरा 'पादोन'चा, तिसरा 'प्राघुण' या शब्दाचा. उगम तीन, कानाला जवळजवळ एकच.

तिसरा पाव खायचा. लॅटिनमध्ये भाकरीला 'पानेम' म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडी त्यातला 'न' नाकात विरला आणि 'पाँव'सारखा उच्चार उरला. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं. तिथे यीस्ट मिळेना, तेव्हा ताडी घालून पीठ फुगवलं जाऊ लागलं, आणि पदार्थाबरोबर शब्दही किनाऱ्यावरून आत सरकला. मराठीने नाकातला सूर सोडला, 'पाव' राहिला. हेच पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले. जपानी भाषेत पावाला आजही 'पान' म्हणतात. त्याचा आपल्या विड्याच्या पानाशी काही संबंध नाही, आपल्या लादी पावाशी मात्र आहे.

पायाने पीठ तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, असं लहानपणी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. लोकांनी रचलेल्या अशा व्युत्पत्तीत कल्पकता असते, म्हणूनच ती टिकते. यात पायाचा धागा खरा आहे, फक्त चुकीच्या पावाला बांधलेला आहे. पायाशी नातं आहे ते पाव किलोचं.

मग नातं ओळखायचं कसं? आजच्या रूपांवरून नाही. दोन्ही शब्द घेऊन मागे मागे जायचं. नात्यातले शब्द मागे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, परके शब्द लांब जातात.

फारसीतला 'बद' आपल्याकडे बदनाम, बदमाश, बदफैली यांत आहे. अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड'चाही अर्थ तोच. दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, तेव्हा हे शब्द भाऊ असणार असं कुणालाही वाटेल. पण इस्लामपूर्व काळातल्या फारसीत हा शब्द 'वद' असा होता, म्हणजे इंग्रजी रूपापासून लांबच. साम्य अलीकडचं आहे आणि योगायोगाचं.

याहून चकित करणारं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १९६० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन क्वीन्सलँडमध्ये म्बाबाराम ही लोप पावत चाललेली भाषा नोंदवायला गेले. अल्बर्ट बेनेट नावाचे वृद्ध गृहस्थ ती जाणत होते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर ते म्हणाले, 'डॉग'. इंग्रजीतून घेतला असेल अशी शंका येणं साहजिक होतं, पण तो उसना नव्हता. शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला 'गुडागा' म्हणतात. म्बाबाराममध्ये शब्दांच्या सुरुवातीचा भाग गळतो. इतरत्र पोटाला 'बाम्बा' म्हणतात, तिथे नुसतं 'म्बा' उरतं. मूळ शब्द 'ग'ने सुरू होत असेल तर पुढच्या 'आ'चा 'ऑ' होतो. हे नेम 'गुडागा'ला लावले आणि शेवटचा 'आ'ही गळाला की हाती 'डॉग' येतो. एक शब्द इंग्लंडात, एक क्वीन्सलँडात, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, तरी रूपही तेच आणि अर्थही तोच.

असं घडणं अटळ आहे, आणि ते साध्या गणिताने दिसतं. 'पाव', 'दार', 'हाल' या साच्याचे शब्द पाहा: एक व्यंजन, 'आ', पुन्हा एक व्यंजन. भाषेत ३० व्यंजनं धरली तर असे ९०० साचे होतात, जास्त नाहीत. दोन परक्या भाषांतले एकाच अर्थाचे हजार शब्द शेजारी ठेवले आणि ते सगळे याच साच्यातले आहेत असं मानलं, तर एखादी जोडी निव्वळ योगायोगाने जुळेल. जगात सुमारे ७००० भाषा आहेत. एखाद्या दुसऱ्या जुळणाऱ्या शब्दावरून आपली भाषा जगाची जननी असल्याचे जे संदेश मोबाइलवर फिरतात, ते वाचताना हे गणित जवळ असावं. बाळांच्या शब्दांबाबत तर आणखी सावध राहायला हवं. ओठ मिटून उघडले की 'मा', 'बा', 'पा' आपसूक निघतात, म्हणून ते जगभर आई-बापांना चिकटले. जॉर्जियन भाषेत मात्र 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई!

उलट खरं नातं अनेकदा तोंडावर दिसत नाही. 'घरदार'मधलं दार संस्कृत 'द्वार'चं. 'इनामदार'मधला 'दार' फारसी, त्याचा अर्थ धारण करणारा. तो गंगाधर, चक्रधर यांतल्या 'धर'चा चुलतभाऊ आहे. म्हणजे इनामदारांच्या गंगाधरचं नाव आणि आडनाव दोन्ही एका धातूवर संपतात, आणि त्यांच्या वाड्याचं दार त्या दोघांनाही परकं.

शेजारच्या कन्नडातही नेम असेच काम करतात. तमिळात दुधाला 'पाल', सोन्याला 'पोन्', दहाला 'पत्तु'. कन्नडात शब्दारंभीचा जुना 'प' पुढे 'ह' झाला: 'हालु', 'होन्नु', 'हत्तु'. शिवरायांचा सोन्याचा होन हा त्या 'होन्नु'चाच. मराठीतले 'हाल' मात्र अरबी. मुळात त्याचा अर्थ फक्त स्थिती, हिंदीत अजून तोच आहे, आपल्याकडे मात्र ती स्थिती वाईटच असते.

यातून तिसराच प्रकार समोर येतो: उगम एक, अर्थ वेगळे. पुण्यात शिकायला आलेल्या उत्तरेकडच्या मुलांना 'जन्मठेपेची शिक्षा' वाचून पहिल्यांदा जन्मभर अभ्यास दिसत असेल. मूळ शब्द शिकण्याचाच, आणि 'धडा शिकवतो' या आपल्या धमकीत दोन्ही अर्थांमधला पूल अजून शाबूत आहे. 'सही'चंही तसंच. अरबीत 'सहीह' म्हणजे खरं, बिनचूक. कागद खरा असल्याची खूण म्हणून केलेली ती सही. हिंदीत विशेषण राहिलं, मराठीत हस्ताक्षर झालं, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर 'सही आहे' म्हणताना तेच विशेषण पुन्हा दाद बनून आलं.

हे सगळे निवाडे अंदाजाने होत नाहीत. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून प्राकृतांमार्गे आजच्या भाषांपर्यंतचे ध्वनिबदल ओळीने मांडले. १९४६ मध्ये कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश आला. आणि डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले, एका शब्दाच्या एका वापराला एक चिठ्ठी, त्यावर ते वाक्य आणि त्याचा संदर्भ. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या कपाटांतल्या खणांत आहेत. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि तीसहून अधिक खंड छापून झाले तरी 'अ' अक्षर संपलेलं नव्हतं. घाई केली तर दोन 'पाव' एका नोंदीत कोंबले जातात, म्हणून ही संथ गती मला योग्यच वाटते.

कोशकारांचा सगळ्यात अवघड प्रश्न या चिठ्ठ्या लावतानाच उभा राहतो. 'पाव'च्या तीन नोंदी करायच्या यावर वाद नाही. पण 'उत्तर'चं काय? संस्कृतात 'उत्तर' म्हणजे अधिक वरचं आणि नंतरचं. उंच डोंगरांकडची ती उत्तर दिशा, आणि प्रश्नानंतर येतं ते उत्तर. इतिहासाने विचारलं तर शब्द एक. आज पुण्यातल्या शाळेत भूगोलाच्या पेपरात 'उत्तर' लिहिणाऱ्या मुलीच्या डोक्यात मात्र ते दोन शब्द आहेत. ऐतिहासिक कोश तिथे एक नोंद करील, आणि तिच्या दप्तरातल्या शालेय कोशाने दोन केल्या तर तेही चूक ठरणार नाही.